क्रेडिट कार्डावरची वजा रक्कम बँक खात्यात परत कशी मिळवावी?

मिरजवासी | सोमवार, १४ जुलै

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघे मेघालयाला जाणार होतो. विमानाची तिकिटे ४६,२०० रुपयांची आणि शिलाँगमधील मुक्कामाचे आगाऊ पैसे १८,००० रुपये, असे सगळे मी माझ्या क्रेडिट कार्डावर भरले. त्या महिन्याचे बिल इतर किरकोळ खर्चासह ६७,४५० रुपये आले आणि ते मी १८ मे रोजी पूर्ण भरून टाकले. त्यानंतर दोनच दिवसांनी सासऱ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सहल रद्द झाली. हॉटेलने २ जूनला पूर्ण १८,००० रुपये परत केले, तर विमान कंपनीने रद्द करण्याचे शुल्क कापून ९ जूनला ३८,६४० रुपये परत केले. दोन्ही रकमा अर्थातच कार्डावर आल्या.

मधल्या काळात माझी २,३१५ रुपयांची खरेदी झाली होती, ती वजा जाता आता विवरणपत्रात ‘एकूण देय रक्कम’ या रकान्यात उणे ५४,३२५ रुपये दिसत आहेत. कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा अत्यंत गोड आवाजात एकच उत्तर मिळाले, की ही रक्कम पुढील खरेदीत आपोआप वळती होईल आणि मी निश्चिंत राहावे. माझा कार्डावरचा खर्च महिन्याला जेमतेम तीन हजार रुपये आहे. त्या हिशेबाने हे पैसे संपायला दीड वर्ष लागेल, आणि रुग्णालयाचे बिल मात्र आताच भरायचे आहे.

हे पैसे माझ्या बचत खात्यात परत मागण्याचा मला हक्क आहे का, आणि असल्यास तो बजावायचा कसा? कार्ड एका खाजगी बँकेचे आहे. त्या बँकेत माझे बचत खाते नाही. कार्डाची मर्यादा दोन लाख रुपये आहे.

फोडणी | १४ जुलै

मिरजवासी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, पण उणे चिन्हाने माझी जी फजिती केली ती सांगते. मागच्या वर्षी एक कुर्ता परत केला आणि कार्डावर उणे १,२४० रुपये दिसू लागले. शाळेपासून उणे म्हणजे कर्ज असे डोक्यात बसलेले असल्यामुळे, आपण काहीतरी भरायचे राहिले असे समजून मी तत्परतेने १,२४० रुपये भरले. दुसऱ्या दिवशी पाहते तर उणे २,४८०! व्याज लागले असावे, असे वाटून मी ते भरायलाही निघाले होते. मुलाने हात धरला म्हणून वाचले.

जमाखर्च | १४ जुलै

फोडणीताई, चूक तुमची एकटीची नाही. कार्डाचे खाते बँकेच्या बाजूने लिहिलेले असते. तुम्ही बँकेचे जितके देणे लागता तो आकडा अधिक, आणि बँक तुमचे जितके देणे लागते तो आकडा उणे. काही बँका उणे चिन्हाऐवजी आकड्यापुढे ‘सीआर’ अशी जमेची खूण करतात, त्यामुळे गोंधळ जरा कमी होतो. तात्पर्य इतकेच, की मिरजवासी यांच्या बाबतीत आज ग्राहक धनको आहे आणि बँक ऋणको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी नोकरी सहकारी बँकेत गेली, तिथे क्रेडिट कार्डाचा विभाग नव्हता, पण निवृत्तीनंतर रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचायची सवय सुटलेली नाही. क्रेडिट आणि डेबिट कार्डांसंबंधीचे जे मुख्य निर्देश रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढले आणि जे १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यात तुमच्या परिस्थितीचा अगदी नेमका विचार केलेला आहे.

त्यात दोन वेगळ्या स्थिती सांगितल्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली स्थिती अशी, की बिल आलेले आहे, तुम्ही ते अजून भरलेले नाही, आणि देय तारखेच्या आत परतावा आला. अशा वेळी ती रक्कम बँकेने ताबडतोब देय रकमेतून वजा करायची आणि तुम्हाला तसे कळवायचे. दुसरी स्थिती तुमची आहे, म्हणजे बिल आधीच भरून झाले आणि परतावा नंतर आला. इथे ती रक्कम एका ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर ती परस्पर कार्डाच्या मर्यादेत जिरवून टाकण्याचा अधिकार बँकेला नाही. त्यासाठी तिने परतावा जमा झाल्यापासून सात दिवसांच्या आत ई-मेलने किंवा एसएमएसने तुमची स्पष्ट संमती मागितली पाहिजे. ती ठरावीक मर्यादा म्हणजे कार्डाच्या मर्यादेचा एक टक्का किंवा ५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तुमच्या दोन लाखांचा एक टक्का २,००० रुपये होतो, म्हणजे तुमचे दोन्ही परतावे त्याच्या कितीतरी वर आहेत.

खरी गंमत पुढच्या वाक्यात आहे. ग्राहकाने संमती दिली नाही किंवा काहीच उत्तर दिले नाही, तर बँकेने ती रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करायची आहे. एरवी मौन म्हणजे संमती असे धरले जाते, इथे मौन म्हणजे नकार. आणि या सगळ्याच्या वर आणखी एक वाक्य आहे, की रक्कम त्या ठरावीक मर्यादेच्या आतली असो वा बाहेरची, ग्राहकाने स्वतः मागणी केली तर कार्डखात्यात शिल्लक असलेली जमा रक्कम मागणी मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याच्या बँक खात्यात गेली पाहिजे.

तेव्हा हक्क निःसंशय आहे. जून महिन्यात बँकेकडून काही संदेश आला होता का, ते मात्र शोधून पाहावे.

मिरजवासी | १४ जुलै, रात्री

जमाखर्च काका, आपले मनापासून आभार. संदेश शोधला आणि सापडला. ११ जूनला एसएमएस आला होता, की आपल्या कार्डावर ३८,६४० रुपये जमा झाले असून ते कार्डाच्या मर्यादेत समायोजित करण्यास संमती देण्यासाठी पुढील दुव्यावर टिचकी मारा. खरे सांगायचे तर तो मला फसवणुकीचा प्रकार वाटला होता. असे दुवे उघडायचे नाहीत, हे आमच्याकडे मुलांनी इतके बजावून ठेवले आहे, की मी संदेश तिथेच सोडून दिला. हॉटेलच्या १८,००० रुपयांबाबतचा संदेश मात्र कुठेच सापडत नाही.

आता माझा पुढचा प्रश्न असा, की मी उत्तर दिले नाही, तर नियमानुसार पैसे खात्यात यायला हवे होते. ते का आले नाहीत?

नेरूळकर | १५ जुलै

त्या बँकेत आपले बचत खाते नाही, असे आपण लिहिले आहे, आणि अडचण बहुधा तिथेच आहे. कार्ड देणाऱ्या बँकेतच ग्राहकाचे खाते असेल तर रक्कम आपोआप वळवणे सोपे असते. खाते दुसरीकडे असेल तर बँकेकडे खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड असावा लागतो. बिल तुम्ही दर महिन्याला दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरत असलात, तरी त्यावरून ते खाते बँक स्वतःहून परताव्यासाठी धरत नाही. माझ्या वेळी कस्टमर केअरमधील मुलाने स्पष्ट सांगितले होते, की ‘सर, आमच्या सिस्टीममध्ये तुमचे लाभार्थी खाते नोंदलेले नाही, म्हणून रक्कम कार्डावरच पडून राहिली.’ हे सांगायला त्याला चौथा फोन लागला, हा भाग वेगळा.

फोनवर वेळ घालवू नये, असे मी सुचवीन. फोनवर बोलणाऱ्यापुढे जो मजकूर असतो तो ‘पुढील खरेदीत वळती होईल’ एवढाच असतो. लेखी मागणी करावी. बँकेच्या नोंदणीकृत ई-मेल पत्त्यावर, आपल्या नोंदणीकृत ई-मेलवरूनच. सोबत रद्द केलेला धनादेश जोडावा. काही बँकांच्या ॲपमध्येही ‘क्रेडिट बॅलन्स रिफंड’ अशी विनंती करण्याची सोय असते, ती सेवा विनंत्यांच्या यादीत बरीच खाली दडलेली असते.

जमाखर्च | १५ जुलै

नेरूळकर यांच्याशी सहमत आहे. मिरजवासी, मजकूर इंग्रजीत पाठवला तर काम लवकर होईल, पण त्याचे सार असे असू द्या:

‘माझ्या क्रेडिट कार्डाच्या खात्यात, ज्याचे शेवटचे चार अंक अमुक आहेत, आजच्या तारखेस ५४,३२५ रुपये जमा शिल्लक आहेत. ही रक्कम २ जून आणि ९ जून रोजी व्यापाऱ्यांकडून आलेल्या परताव्यांमुळे निर्माण झाली असून संबंधित बिल मी १८ मे रोजी पूर्ण भरले होते. ही रक्कम कार्डाच्या मर्यादेत समायोजित करण्यास माझी संमती नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांसंबंधीच्या निर्देशांनुसार ती कामकाजाच्या तीन दिवसांत सोबत दिलेल्या बँक खात्यात वळती करावी आणि या विनंतीचा नोंद क्रमांक कळवावा.’

यात दोन वाक्ये अजिबात गाळू नयेत. पहिले ‘माझी संमती नाही’ हे, आणि दुसरे नोंद क्रमांकाचे. पुढे तक्रार करण्याची वेळ आलीच, तर दिवस मोजायला सुरुवात त्या क्रमांकापासून होते. कार्डाचा पूर्ण क्रमांक, कार्डाच्या मागील बाजूला छापलेले तीन अंक किंवा ओटीपी यांपैकी काहीही कुणालाही कळवू नये. पैसे तुमच्या खात्यात पाठवायला बँकेला त्यातले काहीच लागत नाही.

कंदीपेढा | १५ जुलै

मला एक कळत नाही, की एवढा खटाटोप कशासाठी? पैसे कुठे पळून चाललेले नाहीत. दिवाळी आली की एका झटक्यात संपतील. उलट तेवढी मर्यादा वाढून मिळते, हा फायदाच नाही का?

जमाखर्च | १५ जुलै

कंदीपेढा, तुमचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बाराशे-पंधराशे रुपये असते तर मीही तोच सल्ला दिला असता. व्याजाचा मुद्दा काढायचा तर कार्डावरच्या जमा रकमेवर सर्वसाधारणपणे व्याज मिळत नाही हे खरे, पण बचत खात्याच्या सध्याच्या दराने मिरजवासी यांचे दीड वर्षात फार तर हजारभर रुपयांचे नुकसान होईल, कारण रक्कम हळूहळू कमी होत जाणार आहे. त्यासाठी भांडा असे मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. कार्डावर उद्या एखादा गैरव्यवहार झाला, तर एरवी तो बँकेच्या पैशांतून झालेला असतो आणि तुम्ही बिलावर हरकत घेऊन भांडता. कार्डावर तुमचेच चोपन्न हजार पडून असतील, तर चोराने आधी तुमचे पैसे नेलेले असतात. शिवाय ते पैसे काढायचे म्हटले, तर एटीएममधून सरळ काढू नयेत, कारण कार्डावर जमा शिल्लक असली तरी बऱ्याच बँका त्याला रोख उचल समजून शुल्क लावतात. आणि मिरजवासी यांना रुग्णालयाचे बिल भरायचे आहे. गरजेचे पैसे आणि अडकलेले पैसे यांत फरक असतो.

पानशेत | १५ जुलै

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला आहे. परतावा वगैरे काही नाही, माझ्याच हलगर्जीपणाने बिल दोनदा भरले गेले. ३ तारखेला ॲपवरून पूर्ण बिल भरले आणि ५ तारखेला बचत खात्यावर लावलेल्या ऑटो-डेबिटने पुन्हा तेवढीच रक्कम, २१,७०० रुपये, ओढून नेली. बँक म्हणते, की हा व्यापाऱ्याचा परतावा नसल्यामुळे तो नियम इथे लागू नाही. हे बरोबर आहे का?

जमाखर्च | १५ जुलै

अर्धे बरोबर आहे. संमती मागण्याचे जे बंधन आहे ते परतावा, अयशस्वी झालेला किंवा उलटवलेला व्यवहार आणि तत्सम व्यवहार यांतून आलेल्या रकमेपुरते आहे. तुम्ही स्वतः जादा भरलेल्या रकमेबाबत बँकेने संमतीचा एसएमएस पाठवला नाही, तर तिला दोष देता येणार नाही. परंतु तीन दिवसांचे जे वाक्य आहे, त्यात पैसे कसे आले हे न पाहता कार्डखात्यात शिल्लक असलेली जमा रक्कम असे म्हटले आहे. माझ्या वाचनाप्रमाणे तुमची मागणी त्यात बसते. पत्रात त्याच वाक्याचा आधार घ्यावा, आणि दोन्ही भरण्यांच्या नोंदी दाखवणारे बचत खात्याचे पान जोडावे.

याच अनुषंगाने एक इशारा देतो. काही मंडळी मोठी खरेदी करायची असली, की मर्यादा अपुरी पडू नये म्हणून कार्डावर मुद्दाम आगाऊ पैसे भरतात. एखाद्या वेळी ते चालून जाते. मात्र वारंवार मोठ्या रकमा भरायच्या आणि पुन्हा खात्यात परत मागायच्या, हा प्रकार बँकेच्या नजरेत संशयास्पद ठरतो, कारण पैसे फिरवण्याचा तो जुना मार्ग आहे. शिवाय एका आर्थिक वर्षात कार्डाची बिले भरण्यापोटी दहा लाख रुपये किंवा अधिक भरले, अथवा रोखीने एक लाख किंवा अधिक भरले, तर बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. जादा भरलेली रक्कमही भरणाच असते. ती नंतर परत मिळाली, हे समजावून सांगायची पाळी तुमच्यावर येते.

खारेदाणे | १६ जुलै

धाग्यातील सर्व सल्ला योग्य आहे, परंतु एक मोठा खड्डा अजून कुणी दाखवलेला नाही, आणि मी त्यात पडलेलो असल्यामुळे तो सविस्तर दाखवतो.

मी ४८,००० रुपयांचा मोबाईल कार्डावर घेतला आणि त्याच दिवशी त्या खरेदीचे बारा हप्ते करून घेतले. हप्ता ४,३३२ रुपयांचा होता. फोन सदोष निघाला. विक्रेत्याने बरीच टाळाटाळ करून सहा आठवड्यांनी तो परत घेतला आणि ४८,००० रुपये कार्डावर जमा केले. तोवर एक हप्ता बिलात येऊन भरूनही झाला होता. कार्डावर उणे आकडा दिसला, मी आपला हुशारीने लेखी अर्ज केला, आणि आश्चर्य म्हणजे चौथ्या दिवशी पैसे बचत खात्यात आले. मी मित्रांना सांगत सुटलो, की बघा, नियम माहीत असला की कामे कशी होतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा ४,३३२ रुपयांचा हप्ता आला. तेव्हा माझ्या लक्षात आले, की विक्रेत्याने खरेदी रद्द केली, तरी बँकेने दिलेले हप्त्यांचे कर्ज रद्द झालेले नाही. बँकेच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. व्यापाऱ्याकडून आलेला परतावा हा कार्डाच्या खात्यात जमा होणारा साधा पैसा आहे आणि हप्ते हे निराळे कर्ज आहे. ते बंद करण्यासाठी ग्राहकाने वेगळी विनंती करावी लागते. मी दुसऱ्या हप्त्यानंतर ते बंद करायला गेलो, तेव्हा मुद्दल ४०,४८९ रुपये शिल्लक होते. त्यावर मुदतपूर्व बंद करण्याचे तीन टक्के शुल्क आणि शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, असे मिळून १,४३३ रुपये माझ्याकडून घेतले गेले. दोन हप्त्यांतील व्याज गेले ते वेगळेच, आणि सुरुवातीचे प्रक्रिया शुल्कही परत मिळाले नाही.

त्या अधिकाऱ्यानेच नंतर सांगितले, की परतावा आल्याबरोबर ‘खरेदी रद्द झाली आहे, हप्ते रद्द करा’ अशी विनंती परताव्याच्या पुराव्यासह केली असती, तर शुल्क माफ होण्याची शक्यता होती. म्हणून ज्यांची उणे रक्कम हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूच्या परताव्यातून आली असेल, त्यांनी आधी हप्ते बंद करून घ्यावेत, त्यानंतर जी उणे रक्कम उरेल तीच खात्यात मागावी. मिरजवासी, आपली तिकिटे हप्त्यांवर नव्हती ना?

मिरजवासी | १६ जुलै

सुदैवाने नव्हती. मंगळवारीच ई-मेल पाठवला आहे, नोंद क्रमांकही मिळाला आहे. काकांचा मजकूर जवळजवळ शब्दशः वापरला.

नेरूळकर | १६ जुलै

जमाखर्च यांनी सांगितलेल्या पहिल्या स्थितीबद्दल माझा अनुभव नोंदवतो. माझे बिल १४,८०० रुपयांचे होते आणि त्यातील ९,९९९ रुपयांची वस्तू परत केल्यामुळे तेवढा परतावा देय तारखेच्या चार दिवस आधी आला. मी धीर करून उरलेले ४,८०१ रुपयेच भरले. बँकेने समायोजन केले आणि तसा संदेशही पाठवला. परंतु त्या चार दिवसांत माझ्या जिवाला जो घोर लागला, त्यापेक्षा पूर्ण बिल भरून नंतर उणे रक्कम मागून घेणे परवडले असते.

जमाखर्च | १६ जुलै

अगदी योग्य. नियम ग्राहकाच्या बाजूने आहे, पण समायोजन झाल्याचा संदेश देय तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत आला नाही, तर पूर्ण रक्कम भरून मोकळे व्हावे. कमी भरल्याचे गणित चुकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि वर विलंब शुल्क लागते. जादा भरल्याचे गणित चुकले, तर फक्त एक ई-मेल लिहावा लागतो.

परदेशी संकेतस्थळावरून खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. डॉलरमधील परतावा ज्या दिवशी नोंदला जातो त्या दिवशीच्या दराने रुपयांत येतो आणि खरेदीच्या वेळी लावलेले परकीय चलनाचे शुल्क सहसा परत मिळत नाही. त्यामुळे उणे रक्कम खर्चाच्या रकमेशी जुळली नाही, तर ती दर वेळी बँकेची चूक असतेच असे नाही.

अटकेपार | १७ जुलै

मी बारा वर्षे न्यू जर्सीत होतो. तिथल्या नियमाशी तुलना करण्याचा मोह होतो. अमेरिकेत कार्डावर एक डॉलरपेक्षा अधिक जमा शिल्लक असेल आणि ग्राहकाने लेखी मागणी केली, तर कामकाजाच्या सात दिवसांत ती परत करावी लागते. मागणी केलीच नाही आणि रक्कम सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिली, तर ती परत करण्याचा प्रामाणिक प्रयत्न कार्ड कंपनीने स्वतःहून करायचा असतो. भारतातील तीन दिवसांची मुदत त्याहून कडक आहे, हे वाचून बरे वाटले.

माझी गोची वेगळीच झाली. पुण्याला परत येताना मी कार्डाचे बिल भरले आणि निघालो. नंतर विजेच्या कंपनीने अनामत रकमेचे ३१२ डॉलर त्याच कार्डावर परत केले. सहा महिने उलटल्यावर कार्ड कंपनीने नियमाप्रमाणे प्रामाणिक प्रयत्न केला, म्हणजे माझ्या जुन्या पत्त्यावर ३१२ डॉलरचा धनादेश टपालाने पाठवला. तो नव्या भाडेकरूने सज्जनपणे जपून ठेवला म्हणून मला कळले. पुण्यातील माझ्या बँकेने तो वटवण्यास नकार दिला. अखेर अमेरिकेतील खाते मी बंद केलेले नव्हते, म्हणून कार्ड कंपनीला संदेश पाठवून धनादेश रद्द करवला आणि रक्कम त्या खात्यात घेतली. परत येणाऱ्या मंडळींनी तिथले निदान एक खाते वर्षभर चालू ठेवावे, ही विनंती.

कंदीपेढा | १७ जुलै

माघार घेतो. खारेदाणे यांची कथा वाचून माझे स्वतःचे एक जुने कार्ड आठवले. दोन वर्षे वापरलेले नाही, त्यावर उणे ६८० रुपये आहेत. ते बंद केले तर पैसे बुडतील का?

नेरूळकर | १७ जुलै

बुडणार नाहीत. कार्ड बंद झाल्यानंतर त्यावरील जमा रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करायची, असे त्याच निर्देशांत आहे, आणि बँकेकडे खात्याचा तपशील नसेल तर तो तिने मागून घ्यायचा आहे. देणे काही नसेल, तर बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण व्हायला हवी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक स्वतःही कळवून बंद करू शकते. तेव्हा विनंतीतच खाते क्रमांक देऊन टाकावा.

मिरजवासी | १७ जुलै, संध्याकाळी

बँकेचे उत्तर आले आहे. विनंती फेटाळली! कारण ‘नावात तफावत’. मी जोडलेला धनादेश आमच्या संयुक्त खात्याचा होता. त्यावर पहिले नाव यजमानांचे आणि त्याखाली माझे, तेही आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरे असे छापलेले. कार्डावर माझे नाव पूर्ण आहे. खात्यात माझे नाव आहे, हे सांगून उपयोग झाला नाही.

जमाखर्च | १७ जुलै

नाराज होऊ नका, ही हरकत गैर म्हणता येणार नाही. कार्डाचे पैसे कार्डधारकाच्याच खात्यात जावेत, ही काळजी बँकेने घ्यायलाच हवी. तुमच्या एकटीच्या नावाचे दुसरे खाते असेल, तर त्या पासबुकाचे पहिले पान पाठवा, ज्यावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्पष्ट दिसतो. ई-मेलच्या त्याच साखळीत उत्तर द्या, नवी विनंती सुरू करू नका.

आणि हेही ध्यानात असू द्या, की यानंतरही टाळाटाळ झाली तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे जावे. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

फोडणी | १८ जुलै

एक सावधगिरीची सूचना. काल मला फोन आला, की ‘तुमच्या कार्डावर परतावा अडकला आहे, खात्यात पाठवतो, आलेला ओटीपी सांगा.’ माझ्या कार्डावर आता उणे शून्यही नाही, त्यामुळे हसू आले. पण हा धागा वाचून कुणी उत्साहात असेल, तर त्याला खरे वाटू शकेल. बँकेला मागणी आपण करायची असते, बँक फोन करून आर्जव करीत नाही, एवढे मला या चार दिवसांत कळले आहे.

मिरजवासी | बुधवार, २३ जुलै

काम झाले. शुक्रवारी माझ्या एकटीच्या खात्याच्या पासबुकाचे पान पाठवले. लग्नाआधीपासूनचे ते खाते आहे, पण नाव मागेच बदलून घेतलेले असल्यामुळे कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळले. शनिवारी ‘विनंती स्वीकारली’ असा संदेश आला आणि काल, मंगळवारी दुपारी पावणेतीनला, ५४,३२५ रुपये एनईएफटीने जमा झाले. एक रुपयाही कापलेला नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. कार्डाच्या ॲपमध्ये या रकमेची नोंद खर्चाच्या बाजूला झाली आहे, आणि ‘या महिन्यातील आपला खर्च’ या वर्तुळात ५४,३२५ रुपये ‘इतर’ म्हणून लाल रंगात दिसत आहेत. यावर व्याज तर लागणार नाही ना?

जमाखर्च | २३ जुलै

अभिनंदन. जमा असलेली रक्कम बाहेर गेली, म्हणजे कार्डाच्या खात्यात ती नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, टाकावीच लागते, म्हणून ती खर्चासारखी दिसते. पुढील विवरणपत्र आले की दोन ओळी तपासा: उणे ५४,३२५ ही आरंभीची शिल्लक आणि त्याच रकमेची नावे नोंद एकमेकींना छेदून शून्य होतात का, आणि त्या नोंदीखाली रोख उचलीचे शुल्क किंवा जीएसटी अशी एखादी बारीक ओळ चिकटली आहे का. चिकटली असेल तर त्याच नोंद क्रमांकाचा हवाला देऊन उलटवून घ्या.

मिरजवासी | मंगळवार, २९ जुलै

विवरणपत्र काल रात्री आले. शुल्काची ओळ नाही. एकूण देय रक्कम १,१८० रुपये आहे, आणि ती २३ तारखेनंतर घेतलेल्या औषधांची आहे. या वेळी उणे चिन्ह नाही, त्यामुळे फोडणीताई, हे मात्र भरावे लागेल.